पान एकसष्ट

कातकरवाडी, उंबरमाळी
९ ऑक्टोबर २०२४

दामोदर गुरुजी,

नमस्कार. मी छाया जाणू मुकणे, उंबरमाळीच्या कातकरवाडीतली अंगणवाडी सेविका. तुमच्या मुरबाडच्या वाचनालयानं पाच पुस्तकं पाठवली. सोबत चिठ्ठी, की रानात हरवलेल्या माणसाला यातलं कुठलं किती उपयोगी पडेल ते 'स्थानिक वाचक' म्हणून कळवा. चांगलंच लिहा असं चिठ्ठीत कुठं म्हटलेलं नाय, म्हणून खरं लिहिते.

पहिलं ते चकचकीत, तुमच्या पुतण्याचं, प्रज्वल विशेचं. यंदाच छापलंय. त्यात रानात जाताना जवळ ठेवायच्या एकतीस वस्तू दिल्यात. पाणी गाळायची नळी, थंडीची चंदेरी चादर, होकायंत्र, तीन तऱ्हेचे चाकू, उन्हावर चार्ज होणारी बॅटरी. एवढं सामान ज्याच्याजवळ आहे तो हरवलेला नाय, तो बिऱ्हाड हलवतोय. आमच्या वरच्या डोंगरात जो हरवतो त्याच्याजवळ पाण्याची अर्धी बाटली नि बंद पडलेला मोबाइल असतो. गेल्या दोन पावसाळ्यांत वाडीतल्या माणसांनी अशी सात जणं खाली आणली. एकाजवळ होकायंत्र होतं, पण ते त्याला वाचता येत नव्हतं.

दुसरं परदेशातल्या पुस्तकावरून मराठीत केलेलं. अस्वल समोर आलं तर काय करा, बर्फात गुहा कशी खणा, झाडाच्या ज्या बाजूला शेवाळ ती उत्तर. आमच्याकडं श्रावणात झाडाला चारी बाजूंनी शेवाळ असतं, दगडाला असतं, कौलाला पण असतं. त्या माणसानं कुठल्या उत्तरेला जायचं? बर्फ पडला की कळवते.

तिसरं साहेबाच्या काळातल्या शिकाऱ्याचं. त्यात एक गोष्ट खरी आहे, की वाटाड्या सोबत घ्यावा. पुढं म्हणतो, वाटाड्याला तंबाखू द्यावी, पण त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवू नये. तो वाटाड्या म्हणजे आमचा आजा नायतर पणजा. त्याच्या मागं मागं चालून हा माणूस जिवंत घरी गेला, नि घरी बसून हे लिहिलं.

चौथं बारा पानांचं, कुणा रिटायर कंपाउंडरनं स्वतः छापलेलं. साप चावल्यावर काय करू नये. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, भगताकडं बसून राहू नका, मिळेल ती गाडी पकडा नि दवाखाना गाठा. फोटो नाय, छपाई फिकी. पाचांतलं हे एकच मी अंगणवाडीच्या भिंतीला टांगलंय.

पाचवं तुमचं, 'रानवाट चुकली तर'. तिसरी आवृत्ती. झाडांची नावं बरोबर आहेत. वाट चुकल्यावर ओढ्याओढ्यानं खाली उतरू नका, पुढं कडा असतो, हे तर फारच बरोबर. वाचून बरं वाटलं. पण पान एकसष्टवर कडू कंद आहे, आमी त्याला कडू कांदे म्हणतो. तुमी लिहिलंय की साल काढून चकत्या करा, मीठ टाकून अर्धा तास उकडा, पोटभरीचं अन्न आहे. असं करून कुणी खाल्लं तर त्याचा घसा सुजेल, उलट्या होतील, डोकं गरगरेल. आधीच हरवलेला माणूस, तो जागेवर पडेल. हे पान काढा. बाकी पुस्तक राहू दे.

छाया मुकणे


मुरबाड
१७ ऑक्टोबर २०२४

श्रीमती छाया मुकणे यांस,

आपले पत्र मिळाले. वाचनालयाने अभिप्राय मागवला होता, टवाळी नव्हे. चि. प्रज्वलच्या पुस्तकाबद्दल आपण जे लिहिले ते मी त्याला दाखवलेले नाही. तरुण मुलगा आहे, उगाच नाउमेद व्हायचा.

माझ्या पुस्तकाविषयी. मी छत्तीस वर्षे शिक्षक होतो, त्यांतली अकरा शहापूर तालुक्यात. पान एकसष्टवरचा मजकूर मी घरी बसून रचलेला नाही. १९९३ साली तुमच्याच वाडीत चालत येऊन, एका बाईच्या चुलीसमोर बसून, डोळ्यांनी पाहून लिहिला आहे. त्या दिवसाची रोजनिशी माझ्यापाशी आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत 'एका कातकरी भगिनीचे' आभारही मानले आहेत.

खरी अडचण वेगळी आहे. रेशनचा तांदूळ आला आणि तुमच्या पिढीची रानाशी ओळख तुटली. आपण बहुधा भलताच कंद खणला असावा आणि त्याचा दोष पुस्तकाला देत आहात. असे याआधीही झाले आहे.

माहितीसाठी कळवतो. निवड समितीने पाचांत माझ्या पुस्तकाला पहिला क्रमांक दिला. मी समितीचा अध्यक्ष असलो तरी त्या बैठकीत मत दिले नाही, चहापाण्याची व्यवस्था पाहत होतो. दोनशे प्रती छापून तयार आहेत. १३ ते १५ डिसेंबरला माळशेजच्या पायथ्याशी वाचनालयाचे रानशिबिर आहे. शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या चाळीस मुली येणार आहेत. दुसऱ्या दिवशी प्रज्वल त्यांच्याकडून पान एकसष्टप्रमाणे 'रानचे जेवण' करवून घेणार आहे. आपणही येऊन पाहावे, शंका फिटेल.

दा. ग. विशे


कातकरवाडी, उंबरमाळी
२४ ऑक्टोबर २०२४

गुरुजी,

तुमाला फोन केला. तुमी 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून दिला. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, तरी पण मीटिंगच होती. मंग कागदच बरा. कागदावर माणूस नावासकट सापडतो.

त्या चाळीस मुलींत माझी भाविका आहे. नववीला आहे, पहिलीपासून त्याच शाळेत राहते. रविवारी भेटायला गेले तर तुमचं पुस्तक तिच्या ट्रंकेत. शाळेला चाळीस प्रती आधीच पोचल्यात. मी तिला म्हटलं, त्या शिबिरात कांदे शिजवायला लावतील, ते खायचे नाय. ती म्हणाली, "आई, पुस्तकात अर्धा तास लिहिलंय. तू शिकलेली असून असं काय बोलतेस?" कातकऱ्याची पोर कातकऱ्याच्या कंदाबद्दल तुमचं ऐकते नि माझं नाय. तिचा दोष नाय. मी तिला कधी दाखवलंच नाय. अंगणवाडीत डाळतांदूळ येतो, शाळेत जेवण मिळतं, हिला कशाला लागतंय खणणं नि शिजवणं, असं मला वाटलं. त्याचा मला आता पस्तावा होतोय. पण माझ्या चुकीपायी तुमची चूक बरोबर ठरत नाय.

भलताच कंद म्हणता? मी या कांद्यांवर वाढलेय. अंगणवाडीची नोकरी लागेपर्यंत पावसाळ्यानंतर घरात दुसरं काय असायचं?

तुमच्याजवळ रोजनिशी आहे ना, मंग त्या दिवसाचं पान झेरॉक्स करून पाठवा. अख्खं पाठवा, मधलंच कापून नको. नि वाडीत किती वाजता आला होतात ते लिहा.

छाया मुकणे


मुरबाड
६ नोव्हेंबर २०२४

श्रीमती मुकणे यांस,

दिवाळीमुळे उत्तरास उशीर झाला. रोजनिशीच्या पूर्ण पानाची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या रोजनिशीत लपवण्यासारखे काही नसते. वेळही तीत आहे. आपण वाचावी आणि हा विषय संपवावा.

दा. ग. विशे

(सोबत)
मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९३. पहाटेच्या गाडीने खर्डी, तिथून चालत साडेनऊला उंबरमाळीची कातकरवाडी. सकुबाई नावाच्या बाईने कडू कंदाची कृती दाखवली. टोपलीत पातळ चकत्या, पांढऱ्या, ओल्या. टोपलीतून पाणी ठिबकत होते (स्वच्छता वाखाणण्याजोगी). मडक्यात घालून, मीठ टाकून अर्धा तास. बाईने खाण्याचा फार आग्रह केला. मंगळवारचा उपास सांगून सुटका करून घेतली. कृती पूर्ण मिळाली. साडेबाराला परत खर्डी स्टेशन. दोन वडापाव, चहा. दीडच्या लोकलने कल्याण.


कातकरवाडी, उंबरमाळी
१४ नोव्हेंबर २०२४

गुरुजी,

झेरॉक्स मिळाली. अख्खं पान पाठवलंत ते बरं केलंत.

सकुबाई म्हणजे माझी आई. आहे अजून. दात गेलेत, जीभ शाबूत आहे. तुमच्या प्रस्तावनेत ती 'एक भगिनी' झाली, रोजनिशीत तिला नाव होतं.

तुमच्याच अक्षरात आहे, टोपलीतून पाणी ठिबकत होतं. नि कंसात तिच्या स्वच्छतेचं कौतुक. ती टोपली धुतलेली नव्हती, ओढ्यातून काढून आणलेली होती. चकत्या आधी राखेच्या पाण्यात उकडायच्या, मंग टोपलीत भरून एक दिवस नि एक रात्र वाहत्या पाण्यात ठेवायच्या. त्यातलं वाईट सगळं पाण्याबरोबर जातं. मंग जिभेच्या टोकाला लावून बघायचं, चुरचुरलं तर परत ओढ्यात. तुमी साडेनऊला आलात तोवर ते सगळं होऊन गेलं होतं. तुमी शेवटचा अर्धा तास बघितलात नि 'कृती पूर्ण मिळाली' असं लिहून मोकळे झालात.

मी आईला तुमचं पान वाचून दाखवलं. मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "तो बूटवाला मास्तर ना? त्याला मीच नाय सांगलं गो." मंग तिनं जे सांगितलं ते मला पण एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

तुमी आलात त्याच्या आदल्या साली, ओढ्यात टोपली ठेवली म्हणून गावातल्या लोकांनी माझ्या बाला मारलं होतं. खाली आमची गुरं पितात, कातकरी पाण्यात विष कालवतात, म्हणून. माझ्या बाला, जाणूला, महिनाभर उजवा हात वर करता येत नव्हता. तेव्हापासून टोपली कुठं ठेवतो, ठेवतो की नाय, हे वाडीबाहेर कुणी बोलत नव्हतं. नि तुमी गावाकडचे, हातात वही नि पेन. तुमी उद्या कुणाला काय सांगाल याचा आईला अदमास घ्यायचा होता. आमच्यात बाहेरच्या माणसाचा अदमास ताटावर घेतात. जो आपल्या घरचं खातो तो आपली चुगली करणार नाय, असं धरतात. जो खात नाय त्याला दारापुरतंच सांगायचं. म्हणून आईनं पानावर कांदे वाढले नि तुमच्यापुढं ठेवले. तुमी दोन घास खाल्ले असतेत तर ती तुमाला ओढ्यावर नेऊन टोपलीची जागा दाखवणार होती. तुमी म्हणालात, आज माझा मंगळवार आहे.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते, दाराआड उभी होते. तुमी गेल्यावर आईनं ते पान मला दिलं, एवढं मला आठवतं.

कंद उपासाला चालतो, गुरुजी. नि वडापाव कुठल्या उपासाला चालतो ते मला माहीत नाय, तुमी छत्तीस वर्षं शिकवलंय, तुमाला माहीत असेल.

मला आईचा पण राग आला. मी म्हटलं, तू अर्धंच सांगितलंस, त्यानं ते छापलं, लोक खातात. ती म्हणाली, "मला काय म्हायीत तो छापील. जेवला नाय तो मानूस, शिजवून बघील असं वाटलंच नाय." 

आता एकच विचारते. खर्डीच्या शाळेच्या कपाटात तुमची पहिली आवृत्ती सापडली. तिच्यात पान एकसष्टच्या शेवटी जी ओळ नाय, ती आताच्या आवृत्तीत आहे. 'काहींच्या प्रकृतीस हे मानवत नाही.' हे 'काही' म्हणजे कोण? नि तुमच्या पहिल्या पत्रात 'असे याआधीही झाले आहे' म्हणालात, ते कुणाचं झालं होतं?

छाया मुकणे


मुरबाड
२० नोव्हेंबर २०२४

श्रीमती मुकणे यांस,

एकतीस वर्षांपूर्वी मी काय खाल्ले आणि काय नाही, याची झडती घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. मी विश्वासाने रोजनिशी पाठवली, तिचा आपण असा उपयोग केलात.

आपल्या मातोश्रींनी जाणूनबुजून अपुरी माहिती दिली हे आपणच कबूल करता. मग दोष माझ्या माथी का? आपण विचारलेली ओळ ही सर्वसाधारण दक्षता म्हणून घातलेली आहे, तिच्यामागे कुणी व्यक्ती नाही.

आपल्याला काय हवे आहे ते मी ओळखले आहे. चौथ्या आवृत्तीत सकुबाईंचे नाव छापण्याची व्यवस्था करीन. मात्र दोनशे प्रती तयार आहेत, पाहुण्यांना निमंत्रणे गेली आहेत. शिबिराच्या कार्यक्रमात बदल होणार नाही. हा पत्रव्यवहार मी इथे थांबवत आहे.

दा. ग. विशे


कातकरवाडी, उंबरमाळी
२७ नोव्हेंबर २०२४

गुरुजी,

तुमी थांबवा. मी थांबत नाय.

नाव छापायचं म्हणता. चुकीच्या कृतीखाली आईचं नाव घालून तिला आणखी बदनाम करायचंय का? तुमाला वाटतं, आमाला नाव पाहिजे. आमाला पोरी धडधाकट घरी आलेल्या पाहिजेत.

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापक म्हणाले, विशे गुरुजी तालुक्यातले जाणते माणूस, त्यांचं पत्र आणा, लगेच थांबवतो. म्हणजे तुमच्याविरुद्ध तुमचंच पत्र आणायचं. भाविकाला मी घरी ठेवू शकते, ते सोपं आहे. बाकीच्या एकोणचाळीस जणींच्या आया वीटभट्टीवर गेल्यात, कुणी भिवंडीकडं, कुणी पालघरकडं. त्यांना कोण सांगणार? त्यांनी पोरींना शाळेच्या भरवशावर ठेवलंय नि शाळेनं तुमच्या.

आमच्या वाडीतली गोजर मावशी मुरबाडच्या बाजाराला येते, तिच्या हाती पिशवी पाठवलीय. त्यात चार कांदे आहेत. आईनं स्वतः चढून खणलेत, म्हणजे भलताच कंद म्हणायची सोय नाय. पान एकसष्ट समोर उघडून ठेवा नि तसंच्या तसं करा. साल काढा, हातमोजे नायतर पिशवी घालून काढा, खाज सुटते. चकत्या करा, मीठ टाका, घड्याळ लावून अर्धा तास उकडा.

मंग खाऊ नका. हे दोनदा वाचा. गिळायचं नाय. एक कण फक्त जिभेच्या टोकाला लावा, थुंका, चूळ भरा. आमी राखेच्या नि ओढ्याच्या नंतर जसं बघतो, तसंच.

नि मंग त्याच जिभेनं चाळीस पोरींना सांगा, पोटभर खा म्हणून. सांगता आलं तर मी परत कधी लिहिणार नाय.

छाया


मुरबाड
८ डिसेंबर २०२४

श्रीमती छायाबाई,

पिशवी मिळाली. मी ती बागेच्या कोपऱ्यात ठेवून दिली होती. सौ. गिरजाने उघडली, आत चिठ्ठी पाहिली, आणि मग टेबलाच्या खणातली तुमची सगळी पत्रं काढून वाचली. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, तिने माझ्या टपालाला कधी हात लावला नव्हता. ती म्हणाली, "इतकी वर्षं पुस्तकात आहे आणि तुम्ही हे एकदाही शिजवलं नाहीत?"

मी शिजवलं. पान एकसष्ट उघडं ठेवून, घड्याळ लावून. कण जिभेला लावला, थुंकला, चूळ भरली. दहा मिनिटांत जीभ चुरचुरायला लागली, मग ओठ, मग घसा. तुम्ही सांगितलं तसंच केलं, काही गिळलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला चहाची चव लागली नाही. गिरजा सारखी येऊन तोंड उघडा म्हणत होती. मी घाबरलो होतो. हे तुम्हाला लिहायला मला आठवडा लागला.

तुम्ही विचारलं होतं, ते 'काही' कोण. आता सांगतो. २००६ साली कल्याणचे चार जण माझं पुस्तक घेऊन हरिश्चंद्रगडाच्या बाजूला गेले होते. भूक लागली म्हणून नव्हे, पुस्तकात आहे तर करून पाहू म्हणून त्यांनी कंद उकडला. तिघांना उलट्या झाल्या. चौथी कॉलेजची मुलगी होती, तिने जास्त खाल्लं होतं, ती चार दिवस दवाखान्यात होती. तिच्या वडिलांनी मला पत्र लिहिलं. फार सभ्य पत्र होतं, त्यांनी फक्त विचारलं होतं की आमचं काही चुकलं का. मी उलट लिहिलं की तुम्ही भलताच कंद खणलात. तुम्हाला लिहिले तेच शब्द. नंतर ती एक ओळ घातली. पान काढलं असतं तर चुकलो हे कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून काढलं नाही. मला त्या मुलीचं नाव आठवत नाही. आठवडाभर आठवून बघतोय.

गिरजाने आणि मी तीन दिवस बसून दोनशे प्रतींमधून ते पान ब्लेडने कापलं. त्यांतल्या शाळेत गेलेल्या चाळीसही परत मागवल्या होत्या. मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे, रानचं जेवण रद्द. समितीला कळवलं की पहिला नंबर मला नको, कंपाउंडरच्या बारा पानांना द्या. प्रज्वल माझ्याशी बोलत नाही. त्याने त्याच पानावरून व्हिडिओ केला होता. तो काढायला लावला तर म्हणाला, काका, लोक काय म्हणतील. मी तेच म्हणत अठरा वर्षं काढली, हे त्याला सांगितलं नाही.

कापलेली पानं गोजरबाईंच्या हाती पाठवतो, म्हणजे तुमची खात्री पटेल. तुमच्या पत्रांतला सूर मला अजून सहन होत नाही, हेही लिहून ठेवतो. तरी एक विनंती आहे. सकुबाईंकडून राखेचं प्रमाण, पाण्यातला वेळ, सगळी कृती नीट लिहून पाठवा. या वेळी त्यांच्या नावाने, पहिल्या पानावर छापीन.

दामोदर विशे


कातकरवाडी, उंबरमाळी
१९ डिसेंबर २०२४

गुरुजी,

पानांचा गठ्ठा मिळाला. मोजला. दोनशे आहेत.

भाविका शिबिराला जाऊन आली, आता चार दिवस सुट्टीला घरी आहे. फुगलीय, कारण रानचं जेवण नाय झालं, खिचडी दिली. सोमवारी आईनं तिला ओढ्यावर नेलं. ती म्हणाली, आजी, व्हिडिओ काढू? आई म्हणाली, आधी टोपली धर. पोरीनं कच्चा कण जिभेला लावला, थुंकला, नि दोन तास चुळा भरत होती. रात्री जेवताना मला म्हणाली, "आई, तू मला आधी का नाय दाखवलंस?" मी म्हटलं, चुकलं माझं. तुमी पण हे एवढं अवघड करू नका, म्हणून सांगते. दोन शब्द लागतात.

तुमाला माफ केलं असं समजू नका. मला माफ करायला माझं काय गेलं? माझी पोर वाचली. कल्याणच्या त्या मुलीचं नाव शोधा. जुनं पत्र शोधा, दवाखान्यात विचारा, काय करायचं ते करा. आता ती बाई झाली असेल. तिला लिहा की तिनं बरोबर कंद खणला होता. ती अजून स्वतःलाच दोष देत असेल.

कृती आईनं नाय म्हटलंय. राग म्हणून नाय. ती म्हणते, राख किती ते झाडावर आहे, पाणी किती ते त्या सालच्या ओढ्यावर आहे, ते कागदावर कसं यायचं? नि मी माझं म्हणून सांगते, हरवलेल्या माणसाजवळ टोपली कुठली नि थांबायला एक दिवस एक रात्र कुठली? ही कृती वाडीत बसलेल्याची आहे, हरवलेल्याची नाय. तुमचं पान बरोबर असतं तरी त्याला उपयोगाचं नव्हतं. त्याजागी एवढंच छापा, की ओळख नसलेलं काही खाऊ नका, पाणी असलं तर माणूस उपाशी काही दिवस काढतो, एका जागी बसा नि हाक मारा. त्याखाली आईचं नाव घाला. त्याला तिची हरकत नाय.

कापलेली पानं आईनं चुलीजवळ ठेवलीत. कागद कोरडा आहे, एका काडीत पेटतो. सोमवारी राखेचं पाणी त्याच्यावरच तापवलं. पाचांतलं कुठलं पुस्तक किती उपयोगी पडलं असं तुमी विचारलं होतंत, त्यात हे पण धरा.

आईनं तुमाला जेवायला बोलावलंय, नि गिरजाबाईंना पण. कांदे असतील, ओढ्यातले. मी म्हटलं, तो नाय येणार. ती म्हणाली, विचार तर. टोपली आदल्या दिवशी पाण्यात घालावी लागते, म्हणून कुठल्या वारी येताय ते आधी कळवा. मंगळवार सोडून.

छाया जाणू मुकणे